सगळे बसतील एवढी जागा

आमच्या कंपनीत सगळ्यांना काम केल्याचा पगार मिळायचा आणि शिगवण साहेबांना काम बंद पडेल त्या दिवसाचा. हे वाक्य खोतांचं. खोत आमचे अकाउंटंट असल्यामुळे पगाराच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा.

कंपनी औषधांची. मुंबईहून माल आणायचा आणि श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मेडिकलवाल्यांना, दवाखान्यांना पोचवायचा. काही खोके दिघीहून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला उतरायचे आणि तिथून मुरुडकडे जायचे. मुख्य ऑफिस बोर्ली पंचतनला, समुद्राच्या इतकं जवळ की खाऱ्या वाऱ्याने कॉम्प्युटरच्या पाठी गंजायच्या. मी तिथे ऑर्डरच्या टेबलावर बसायचे. कुणाला इन्सुलिन, कुणाला सलाईन, कोणता खोका फ्रीजमधून शेवटी काढायचा, सगळं कॉम्प्युटर सांगायचा. तो बंद पडला की गोडाऊन मालाने गच्च भरलेलं असूनही आम्ही हातावर हात धरून बसायचो.

तो बंद पडू नये, आणि पडलाच तर कंपनी चालू राहावी, हे शिगवण साहेबांचं काम. पाटीवर ‘प्रमुख, संगणक विभाग’ असं होतं. विभागात ते एकटेच होते.

उंच माणूस, किंचित पुढे झुकलेला, आणि शर्टाच्या खिशात भर दुपारीसुद्धा छोटी टॉर्च. मुंबईत बरीच वर्षं मोठमोठे सर्व्हर सांभाळून ते परत आपल्या मुलखात आले होते. म्हसळ्याजवळच्या गावात मोठी बहीण होती, ती भातशेती करायची आणि यांना तांदूळ पाठवायची. लग्नाचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “योजना होती हो. तारीख चुकली.” आणि स्वतःच हसायचे. समोरच्याला मात्र हसावं की नाही ते कळायचं नाही.

मी नवीन असताना ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“नीलम, समज उद्या सकाळी तू आलीस आणि हे ऑफिस इथे नाहीच.”

“नाही म्हणजे? गेलं कुठे?”

“ते सोड. तू काय करशील?”

“घरी जाईन, साहेब.”

सगळे हसले. साहेबांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, “सगळे हेच सांगतात.”

माणसाने चांगलं बोलावं, असं आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. या गृहस्थाचा चरितार्थच वाईट बोलण्यावर होता. समोर काहीही ठेवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “हे बंद पडलं तर?” खोतांच्या मुलीच्या लग्नात मांडववाल्याला गाठून त्यांनी जनरेटर कुठे आहे आणि त्यात डिझेल आहे का याची चौकशी केली. नवऱ्या मुलाच्या आत्याने ती ऐकली आणि अक्षता पडायच्या आधीच अभद्र बोलणारा हा कोण पाहुणा, म्हणून चांगलाच तोंडाचा पट्टा सोडला. बरं, त्या दिवशी लाइट गेली असती तर निदान साहेबांची बाजू राहिली असती. कसली जाते! अख्खं लग्न लखलखाटात पार पडलं. साहेब कोपऱ्यात बसून जिलबी खात होते, आणि मला उगीचच वाटलं की ते थोडे नाराज आहेत.

दर गुरुवारी ते एसटीने बोर्लीला यायचे, आठवडाभराच्या कामाची नक्कल हार्ड डिस्कवर घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने माणगावला परत जायचे. इंटरनेटवरून ते काम रोज आपोआप व्हायचं, पण त्या लाइनवर त्यांचा विश्वास नव्हता. “ढग आले की ती जाते,” म्हणायचे. डिस्क टॉवेलात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर. कंडक्टर ओळखीचा झाला होता. “काय शिगवणभाव, लेकरू झोपलं का?” असं विचारून तिकीट फाडायचा. साहेब म्हणायचे, “हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय.”

माणगावला ते राहायचे ते दुसऱ्या ऑफिससाठी. मुंबईहून येणारा माल उतरवायला हायवेला लागून आमचं एक छोटं गोडाऊन होतं. त्याच्यावरच्या मजल्यावर त्यांनी एक लांबट खोली तयार करून ठेवली होती. बोर्लीत काही झालं, पाणी शिरलं, आग लागली, वादळ आलं, तर दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी इथे यायचं आणि काम पुढे चालू करायचं, अशी योजना. प्रत्येकासाठी टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर, फोन. मला बोर्लीत खिडकीजवळ बसायची सवय, म्हणून माझी जागा खिडकीशी. खोतांना पंख्याचा वारा सोसत नाही, म्हणून ते भिंतीकडे. चहा-साखरेचे डबे मुंग्या लागू नयेत म्हणून पाण्याच्या ताटलीत ठेवलेले. सगळं मांडून तयार, आणि खोलीत एक माणूस. रोज सकाळी ते सगळे कॉम्प्युटर चालू करायचे, प्रत्येकाच्या जागेवर बसून एकेक खोटी ऑर्डर घालून बघायचे आणि संध्याकाळी सगळे बंद करायचे. त्यांची राहायची खोली समोरच, रस्त्यापलीकडे होती.

त्यांची एकच मागणी होती. एक पूर्ण दिवस आम्ही सगळ्यांनी तिथे येऊन काम करायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बोर्लीला कुलूप लावून.

“त्याने काय होईल, साहेब?” मी एकदा विचारलं.

“मला कळेल, हे चालतं.”

“तुम्ही रोज बघताच की.”

“मी बघतो ते मशीन चालतं का. माणसं बसली की चालतं का, ते नाही बघितलेलं.”

दर वर्षी ते कंपनीच्या मालकांकडे, शेठकडे जायचे आणि दर वर्षी शेठ त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. “अरे शिगवणभाई, पडेल तेव्हा पडेल ने! एक दिवस धंदो बंद ठेवून मी पार्टीला काय सांगू? आमचा माणूस वादळ-वादळ खेळतो?” शेवटी तडजोड म्हणून वर्षातून एकदा सराव ठरला, तोही अर्ध्या दिवसाचा आणि निम्म्या लोकांचा.

त्या सरावाबद्दल न बोललेलंच बरं. माणगावचा बाजार मोठा. ऑफिसच्या गाडीने फुकट माणगाव म्हटल्यावर आम्ही यादी करूनच निघायचो. वर जाऊन हजेरी लावली, साहेबांचा चहा घेतला, की एकेक जण “आलोच” म्हणून खाली उतरायचा. कुणी कांदे भरायचा, कुणी पंखा दुरुस्तीला टाकायचा, आम्ही बायका साड्यांच्या दुकानात. दुपारी परत आलो की साहेब दोन-तीन जणांचे फोन एकदम घेत या टेबलावरून त्या टेबलावर धावत असायचे. आम्हाला बघून म्हणायचे, “झाली खरेदी? दाखवा बरं.” आणि खरोखर बघायचे. माझ्या साडीचा रंग त्यांना आवडला नव्हता, तेही सांगितलं.

एका वर्षी सराव मार्चमध्ये आला. साहेबांनी मोठ्या ऐटीत मेन स्विच खाली ओढला. अंधार झाला. आता जनरेटर सुरू होणार म्हणून आम्ही कान लावून बसलो. काहीच नाही. खाली गेलो तर जनरेटरच्या जागी नुसती साखळी पडलेली आणि तिला कुलूप. कुलूप व्यवस्थित लावलेलं होतं.

वॉचमन पांडूमामा शेजारच्या गावचे. त्यांना विचारलं तर ते बिलकूल गडबडले नाहीत.

“शिमगा हाय ना, साहेब. पालखी आलीय गावात. न्हेला तिकडं.”

“मामा, तो कंपनीचा आहे!”

“व्हय, म्हाईत हाय. पन देवाला काय अंधारात नाचवनार? आनी तुमची लाइट गेली कुटं होती? तुमीच घालवलीत.”

खोत तर हसून हसून जिन्यावरच बसले. मला वाटलं, आता मामांची नोकरी जाणार. पण साहेबांनी मामांकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं आणि म्हणाले, “बरोबर आहे. चूक माझी. देवाला नाही म्हणता येत नाही हे मला कळायला पाहिजे होतं.” पुढच्या वर्षीपासून शिमगा आला की ते पालखीसाठी दुसरा जनरेटर आधीच ठरवून द्यायचे. गणपतीत सगळा स्टाफ गावोगाव पांगतो, म्हणून प्रत्येकाच्या गावच्या शेजाऱ्याचा नंबरही त्यांनी मिळवून ठेवला. आमच्या सगळ्या सणांना त्यांच्या योजनेत जागा होती. सणाच्या दिवशी ते स्वतः मात्र माणगावच्या ऑफिसात असायचे. “कुणीतरी पाहिजे ना,” म्हणायचे.

मग वादळ आलं. यावेळी खरंच.

पावसाळा तोंडावर होता. रेडिओवर, मोबाइलवर दोन दिवस सूचना येत होत्या. साहेब गुरुवार नसताना बोर्लीत आले, तेव्हाच आम्ही समजलो. शेठही घाबरले होते. या खेपेला त्यांनी धंद्याचं नाव काढलं नाही, म्हणाले, “शिगवणभाई, तुम्ही सांगाल तसं.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेब आमच्यासमोर उभे राहिले. गाडी खाली उभी होती.

“सगळ्यांनी आजच माणगावला चलायचं. राहायची सोय केलीय, गाद्या आणल्यात. वादळ गेल्यावर इथे काही चालू राहणार नाही. लोकांना औषधं लागतील. आपण तिथून चालू राहू.”

कुणीच उठलं नाही.

पहिले खोत बोलले. नेहमीची थट्टा नव्हती. “साहेब, माझी आई झोपून आहे. वर पत्रे आहेत. मी माणगावला बसून बिलं करू?”

मग एकेक जण बोलला. कुणाची गुरं, कुणाची होडी, कुणाची बाळंतीण सून. माझ्या घरी सासूबाई आणि दोन मुलं. नवरा जहाजावर. मी म्हटलं, “साहेब, पत्रे कोण धरणार?”

मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. ते रागावले नव्हते, त्यांना काहीतरी तेव्हाच दिसलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी लाइट जाण्याचा विचार केला, लाइन जाण्याचा केला, पालखीचासुद्धा केला. प्रत्येकाला खुर्ची ठेवली. पण वादळाच्या दिवशी माणूस आपलं घर सोडून खुर्चीकडे येत नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. कसं येणार? त्यांचं धरून ठेवावं असं घर कुठे होतं? मला तेव्हा त्यांची फार दया आली आणि दया आल्याची लाजही वाटली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “घरी जा सगळे. दोर आहेत ना घरात?” डिस्क काखेत घेऊन ते एकटेच त्या मोठ्या गाडीत बसले.

वादळाचं वर्णन मी करणार नाही. आमच्या भागात प्रत्येक घरात ते आहे. माझे पत्रे गेले, खोतांचं निम्मं घर गेलं, आई वाचली. बोर्लीच्या ऑफिसचं छप्पर समोरच्या वाडीत जाऊन पडलं होतं आणि सुपारीची झाडं काड्यांसारखी मोडली होती. लाइट नाही, फोन नाही, फेरीबोट बंद, रस्त्यावर झाडंच झाडं. आम्ही भिजलेले कपडे पिळत होतो आणि कंपनी म्हणून जगात काही आहे हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

रस्ता थोडा मोकळा झाल्यावर पहिली मोठी गाडी आली ती आमची. ड्रायव्हर अस्लमभाई म्हसळ्याचे. तेही झाडं तोडत, ढकलत आले होते. गाडीतून औषधं उतरायला लागली. प्रत्येक दवाखान्याचा खोका वेगळा, नाव लिहिलेला, इन्सुलिन बर्फात. मी अस्लमभाईंना विचारलं, “हे सगळं काढलं कुणी?”

“और कौन? शिगवण साहेब. अकेले थे,” अस्लमभाई म्हणाले. “या खुर्चीवर बसून ऑर्डर घ्यायची, त्या खुर्चीवर बसून बिल, परत खाली येऊन माल काढायचा. बोर्लीचा फोन लागत न्हवता, तर डिस्कवरच्या जुन्या ऑर्डरी बघून काढत होते, कुनाला काय लागतं. मी बोललो, साहेब, एका टेबलावरच करा ना सगळा. तर बोलले, नाही, ते काम खोतांच्या जागेवरचं आहे.”

खोके संपले तेव्हा तळाशी निळ्या ताडपत्र्या निघाल्या. घडी घातलेल्या, प्रत्येकीवर आमच्यापैकी एकेकाचं नाव. सोबत दोर, मेणबत्त्या, काडेपेट्या. खोतांची ताडपत्री सगळ्यात मोठी होती. ती छातीशी धरून खोत रस्त्यातच रडले. शेठनी असलं काही सांगितलं नव्हतं, हे नंतर कळलं.

पुढे कौतुक झालं. शाल-श्रीफळ, फोटो, सगळं रीतसर. साहेब शाल घेऊन अवघडून उभे राहिले आणि दुसऱ्याच दिवशी शेठकडे नवीन योजना घेऊन गेले. माणसं वादळात घर सोडणार नाहीत, तर काम त्यांच्या घरी गेलं पाहिजे. प्रत्येकाला लॅपटॉप, घरी बॅटरी, सगळी माहिती दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे कंपनी एका जागेवर राहिलीच नाही तर पडणार कशी? घराघरात जाऊन त्यांनी ते बसवून दिलं. माझ्या सासूबाईंना बॅटरीचं बटण कुठलं ते तीन-तीनदा समजावलं. आता आमच्याकडे कितीही पाऊस पडो, ऑर्डर थांबत नाही. योजना इतकी चांगली होती की तिच्यात माणगावच्या खोलीची गरजच उरली नाही. शेठनी जागा सोडायचं ठरवलं. साहेबांचंही निवृत्तीचं वय झालंच होतं.

“तुम्हाला हे आधी माहीत होतं?” मी विचारलं.

“काय?”

“की खोली जाईल म्हणून.”

“योजनेत लिहिलंच होतं मी. शेवटच्या पानावर.”

जाताना काय देऊ, असं शेठनी विचारलं तेव्हा त्यांनी जुनीच मागणी पुढे केली. एक पूर्ण दिवस. आणि शेठ, ज्यांनी इतकी वर्षं टाळलं, या वेळी लगेच हो म्हणाले.

थंडीचे दिवस होते. आम्ही सगळे एका बसने गेलो. कुणी यादी आणली नव्हती. मी माझ्या खिडकीशी बसले, खोत भिंतीशी. सगळ्या खुर्च्या भरल्या. फोन वाजायला लागले, कुणी कुणाला हाका मारायला लागलं, बिलावरून भांडण झालं, पांडूमामा चहा घेऊन फिरले. सगळं चाललं. एकदासुद्धा काही अडलं नाही. साहेब सकाळी मधोमध उभे होते, मग कडेला झाले, मग दाराशी. त्यांना करायला काही नव्हतं. दुपारी डबे उघडले तेव्हा लक्षात आलं की त्यांना बसायला जागा नाही. मी उठले तर म्हणाले, “बस, बस. मला असंच बघायचंय.” पोळीची गुंडाळी हातात घेऊन त्यांनी ती उभ्यानेच खाल्ली. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते म्हणाले, “सराव संपला. चालतंय.” बसमध्ये चला, म्हसळ्याला बहिणीकडे सोडतो, असं सगळ्यांनी म्हटलं. “तुम्ही व्हा पुढे. मी बंद करून जातो,” म्हणून ते वरच राहिले.

बस निघाली आणि दहा पावलांवर अडकली. माणगावच्या हायवेवर वाहनांची रांग लागली की कधी सुटेल ते सांगता येत नाही. ऑफिसच्या अगदी समोर, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला आम्ही उभे. अंधारून आलं होतं आणि वरच्या खोलीत सगळ्या ट्यूब चालू होत्या, त्यामुळे आतलं स्पष्ट दिसत होतं. आम्ही गेलो असंच त्यांना वाटत असणार.

ते प्रत्येकाच्या जागेवर बसत होते. कॉम्प्युटर बंद करायचा, खुर्ची आत सारायची, पुढच्या जागेवर. बसमधले सगळे त्या बाजूच्या खिडक्यांकडे सरकले. माझ्या खुर्चीपाशी ते आले. बसले. कॉम्प्युटर बंद केला. पण उठले नाहीत. फोन उचलला, कानाला लावला आणि बोलायला लागले. कुणाशी बोलत होते? त्यांनी नंबर फिरवलेला आम्ही पाहिला नव्हता, आणि या वेळी तिथे फोन तरी कुणाचा येणार? मान हलवत होते, हसत होते, हाताने समजावून सांगत होते.

“थांबव रे गाडी,” खोत एकदम उठून म्हणाले. “दार उघड. मी वर जातो.”

“थांबलेलीच आहे, साहेब,” ड्रायव्हर म्हणाला, आणि तेवढ्यात पुढची रांग सुटली. मागून हॉर्न सुरू झाले. खोत दांड्याला धरून तसेच उभे राहिले. ड्रायव्हरने आरशात मागे बघितलं आणि गिअर टाकला.